लाँगहोपची जीवरक्षक नौका : बंधुतेच्या व्यवस्थेचा एक अभ्यास

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहेत आणि आपल्या शाळांतील विद्यार्थी ती परिपाठात नित्य उच्चारतात. यांपैकी स्वातंत्र्य व समता यांचा अर्थ सांगणे तुलनेने सोपे आहे. त्यांच्या रक्षणासाठी मूलभूत हक्कांची कलमे आहेत आणि हक्क डावलला गेल्यास न्यायालयात दाद मागता येते. बंधुतेचे तसे नाही. बंधुभाव वाढीस लावणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून कलम ५१-क मध्ये सांगितले आहे. परंतु ‘शेजाऱ्याने माझ्याशी बंधुतेने वागावे’ असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात हाच मर्माचा मुद्दा मांडला होता. ही तीन तत्त्वे एकमेकांपासून अलग करता येत नाहीत. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता समाजात सहजपणे नांदणार नाहीत, त्या टिकवण्यासाठी शिपायाचा पहारा ठेवावा लागेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

मग शिपायावाचून चालणारी बंधुता प्रत्यक्षात दिसते तरी कशी? ती केवळ मनातील सद्भावना असते, की तिला काही आकार, काही साधने, काही शिस्त असते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात उत्तर अटलांटिकमधील एका लहानशा बेटाचा इतिहास निवडला आहे. तेथील लोक फार थोडे. त्यांचे कार्य मात्र जगाच्या इतिहासात नोंद घ्यावी असे आहे.

बेट आणि समुद्र

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यात लहानमोठी सुमारे सत्तर बेटे असून त्यांपैकी सुमारे वीस बेटांवर वस्ती आहे. यांतील हॉय हे डोंगराळ बेट. त्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या वॉल्स या भागात लाँगहोप हे गाव वसले आहे. शेती, गुरे आणि मासेमारी ही येथील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका. लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या वाडीएवढी.

या बेटाच्या दक्षिणेस पेंटलंड फर्थ ही सामुद्रधुनी आहे. तिच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर आणि पूर्वेस उत्तर समुद्र. या दोन्ही समुद्रांच्या भरती-ओहोटीची वेळ एक नसते. त्यामुळे एका बाजूचे पाणी चढलेले असताना दुसऱ्या बाजूचे उतरलेले असते आणि सुमारे दहा किलोमीटर रुंदीच्या या चिंचोळ्या वाटेतून ते प्रचंड वेगाने धावते. काही ठिकाणी हा वेग ताशी वीस किलोमीटरच्या पुढे जातो. प्रवाहाच्या उलट दिशेने वादळी वारा आला म्हणजे लाटा सरळ भिंतीसारख्या उभ्या राहतात. तरीही दोन समुद्रांना जोडणारा हा जवळचा मार्ग असल्याने देशोदेशींची जहाजे येथून जात आली आहेत आणि येथील खडकांवर फुटतही आली आहेत.

बुडणाऱ्या जहाजावरील लोकांना वाचवण्यासाठी वॉल्समधील ब्रिम्स येथे १८७४ साली जीवरक्षक नौकेचे केंद्र स्थापन झाले. तेव्हापासून तेथील शेतकरी आणि कोळी या नौकेचे खलाशी झाले. ही त्यांची नोकरी नव्हती. यंत्रचालकासारखे एखादे पद सोडले तर बाकीचे सारे स्वयंसेवक. संकटाची वर्दी आली की नांगर शेतात सोडून, जेवणाचे ताट तसेच ठेवून, मध्यरात्री अंथरुणातून उठून ते नौकाघराकडे धावत.

१७ मार्च १९६९

त्या काळी लाँगहोपच्या नौकेचा कॉक्सवेन, म्हणजे आपल्या कोकणच्या भाषेत तांडेल, डॅन कर्कपॅट्रिक हा होता. १९५९, १९६४ आणि १९६८ अशा तीन प्रसंगी खडकांवर आदळलेल्या मासेमारी जहाजांवरील लोकांना वाचवल्याबद्दल त्याला तीन रौप्यपदके मिळाली होती. नौकेचे नाव ‘टी.जी.बी.’ असे होते. ती एका दात्याच्या देणगीतून बांधली गेली होती. त्या दात्याने आपले नाव प्रकट करू दिले नाही; म्हणून नौकेवर केवळ तीन आद्याक्षरे आली.

१७ मार्च १९६९ च्या संध्याकाळी ‘आयरीन’ नावाचे मालवाहू जहाज ऑर्कनीच्या पूर्वेस संकटात सापडले. जहाजाची नोंदणी आफ्रिकेतील लायबेरिया या देशातली. त्याचे इंधन संपले होते आणि आग्नेयेच्या वादळात ते असहायपणे किनाऱ्याकडे वाहत चालले होते. रात्री आठच्या सुमारास ‘टी.जी.बी.’ ब्रिम्सच्या नौकाघरातून पाण्यात उतरली. तिच्यावर आठ जण होते. डॅन कर्कपॅट्रिक आणि त्याचे दोन पुत्र. यंत्रचालक रॉबर्ट जॉन्स्टन आणि त्याचे दोन पुत्र. शिवाय जेम्स स्वॉन्सन आणि एरिक मॅकफॅडियन.

रात्री साडेनऊच्या सुमारास पेंटलंड स्केरीज या खडकाळ बेटावरील दीपगृहाच्या रखवालदारांना नौकेचा दिवा दिसला. त्यानंतर तिच्याकडून काहीही कळले नाही. दुसऱ्या दिवशी मुख्य भूमीवरील थर्सो केंद्राच्या जीवरक्षक नौकेला ‘टी.जी.बी.’ उलटलेल्या अवस्थेत समुद्रावर तरंगताना आढळली. आठांपैकी एकही वाचला नव्हता. सात जणांचे देह हाती लागले. जेम्स स्वॉन्सन यांचा देह कधीच सापडला नाही.

इकडे ‘आयरीन’ जहाज साउथ रोनाल्डसे बेटाच्या किनाऱ्यावर जाऊन रुतले होते. किनाऱ्यावरील तटरक्षकांच्या बचाव पथकाने जहाजापर्यंत दोर पोचवला, त्या दोराला पाळणा अडकवला आणि एकेका खलाशाला खेचून जमिनीवर आणले. जहाजावरील सतराही जणांचे प्राण वाचले.

इतिहासाचा अभ्यासक येथे थबकतो. ज्यांना वाचवण्यासाठी आठ जण गेले, ते दुसऱ्याच मार्गाने वाचले. मग त्या आठांचे जाणे निष्फळ ठरले काय? या प्रश्नाकडे आपण पुढे पुन्हा वळू. त्याआधी ही नौका मुळात कोणत्या परंपरेतून आली ते पाहणे आवश्यक आहे.

संस्थेचा इतिहास

ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरील जीवरक्षक नौकांचे कार्य रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही संस्था चालवते. तिची कल्पनाही एका बेटावरच जन्मली. आयल ऑफ मॅन या बेटावरील डग्लस गावी राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी डोळ्यांदेखत जहाजे फुटताना पाहिली आणि १८२३ मध्ये राष्ट्राला आवाहन करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. बुडणारा कोणत्या राष्ट्राचा आहे, त्या राष्ट्राशी युद्ध चालू आहे की शांतता आहे, याचा विचार न करता त्याला वाचवावे, हे तत्त्व त्यांनी तेव्हाच मांडले होते. नेपोलियनशी झालेल्या युद्धांना दहा वर्षेही लोटली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विचाराचे मोल कळते. ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये सभा भरून संस्थेची स्थापना झाली. तिला आजचे नाव १८५४ साली मिळाले.

इतिहास एकाच डोळ्याने पाहू नये. १८२४ मध्ये ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायदेशीर होती. ती रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला. म्हणजे जो समाज बुडत्या खलाशासाठी नौका बांधत होता, तोच समाज माणसांना बेड्या घालून उसाच्या मळ्यांत राबवीत होता. संस्थेच्या सभांत उमराव आणि धनिक बसत, तर वल्ही मारायला गरीब कोळी जात. समाजाची बंधुता एका दिवसात पूर्ण होत नाही. एका ठिकाणी ती उगवते आणि दुसऱ्या ठिकाणी तिचा मागमूसही नसतो. तरीही एकदा ‘बुडत्याला ओळख विचारायची नाही’ हे तत्त्व मान्य झाले की ते पुढे आपले काम करत राहते.

या तत्त्वाची कसोटी वेळोवेळी लागली. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘मेक्सिको’ नावाचे जर्मन जहाज वादळात सापडले. तीन गावांच्या जीवरक्षक नौका निघाल्या. त्यांपैकी दोन उलटल्या आणि २७ स्वयंसेवक मृत्युमुखी पडले. लायदम गावच्या तिसऱ्या नौकेने जहाजावरील बाराही जणांना वाचवले. मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी आणि संस्थेच्या कार्यासाठी निधी उभारण्याच्या प्रयत्नांतून १८९१ साली मँचेस्टर शहरात रस्त्यावर उतरून सामान्य लोकांकडून पैसे गोळा करण्यात आले. त्यापूर्वी ही संस्था प्रामुख्याने मोजक्या श्रीमंतांच्या देणग्यांवर अवलंबून होती. आता गिरणी कामगाराचे नाणेही तिच्या पेटीत पडू लागले. दानाचे हे लोकशाहीकरण फार महत्त्वाचे आहे.

दुसरे उदाहरण आयर्लंडच्या वायव्येकडील अरनमोर या बेटाचे. डिसेंबर १९४० मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, ‘स्टॉलवेक’ हे डच जहाज खडकांवर आदळले. आयर्लंड या युद्धात तटस्थ होता. तरी अरनमोरच्या बेटवासीयांनी आपली जीवरक्षक नौका वादळात घातली आणि अठरा खलाशांना सुखरूप आणले. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग ब्रिटनपासून वेगळा झाला, दोन राष्ट्रे झाली, कटुताही पुष्कळ राहिली; पण जीवरक्षक नौकांची संस्था फुटली नाही. ती आजही दोन्ही राष्ट्रांच्या किनाऱ्यांवर काम करते. जमिनीवर आखलेली सीमा समुद्रातील बुडत्या माणसापर्यंत पोचू दिली गेली नाही.

हौतात्म्याची पूजा नव्हे, नौकेची सुधारणा

आता पुन्हा लाँगहोपकडे येऊ. काही शेकडा वस्तीच्या गावातून एका रात्रीत आठ कर्ते पुरुष गेले. दोन घरांत तर बाप आणि दोन मुलगे एकदम गेले. ऑझमंडवॉलच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले आणि समुद्राकडे पाहणारा एका जीवरक्षक खलाशाचा कांस्यपुतळा १९७० मध्ये तेथे उभारला गेला. त्यांच्या कुटुंबांसाठी दूरदूरच्या लोकांनी निधी पाठवला.

एवढ्यावरच हा इतिहास थांबला असता तर ती एक करुण कथा झाली असती; अभ्यासाचा विषय झाला नसता. परंतु यानंतर तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट म्हणजे नवा चमू उभा राहिला. केंद्र बंद करण्याची वेळ आली नाही. ज्या गावाने आठ माणसे गमावली, त्याच गावातील माणसे पुढे आली आणि १९७० मध्ये नवी नौका ब्रिम्सला दाखल झाली. पुढे डॅन कर्कपॅट्रिकचा नातूच या केंद्राचा कॉक्सवेन झाला. आज लाँगहोपच्या चमूत स्त्रियाही आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकीचा शोध घेतला गेला. ‘टी.जी.बी.’ ही उलटल्यावर आपोआप सरळ होणारी नौका नव्हती. पुढच्याच वर्षी, २१ जानेवारी १९७० रोजी, स्कॉटलंडमधील फ्रेझरबर्गची नौकाही उलटली आणि तिच्यावरील सहांपैकी पाच जण गेले. या दोन आघातांनंतर, उलटली तरी काही क्षणांत पुन्हा सरळ होईल अशीच प्रत्येक नौका असावी, या दिशेने संस्थेने वेगाने पावले टाकली. नौकेच्या बांधणीत हवाबंद कप्प्यांची आणि वजनाच्या वाटणीची अशी रचना केली जाते की उलटी स्थिती तिला टिकवताच येत नाही. आज खलाशांना पूल येथील संस्थेच्या महाविद्यालयात कृत्रिम लाटांच्या तलावात उलटलेल्या नौकेतून बाहेर पडण्याचे शिक्षण मिळते. शोकाचे रूपांतर ज्ञानात झाले. आपल्याकडे अपघात झाला की मृतांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि अपघाताचे कारण जसेच्या तसे राहते. हार घालणे गैर नाही. पण कारण दूर करणे ही मृतांना खरी आदरांजली होय.

तिसरी गोष्ट ‘टी.जी.बी.’ या नौकेचीच. थर्सोजवळील स्क्रॅबस्टर बंदरात ओढत आणलेली ही नौका अपशकुनी म्हणून जाळली गेली नाही की बुडवली गेली नाही. दुरुस्त होऊन ती पुन्हा सेवेत गेली. आणि तीही अरनमोरला, ज्या बेटाचा उल्लेख वर आला आहे. पुढे निवृत्त झाल्यावर तिला स्कॉटलंडमधील अर्व्हिन येथील सागरी संग्रहालयात जागा मिळाली. शकुन-अपशकुनाच्या कल्पनेवर विवेकाने केलेली ही मात आहे. ‘विज्ञाननिष्ठ व्हा’ असे सांगणाऱ्या आपल्या चळवळीला या लहानशा गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

याच ठिकाणी आणखी एका घटनेची नोंद करू. १९ डिसेंबर १९८१ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी पेनलीची ‘सॉलोमन ब्राउन’ ही नौका वादळात निघाली. कॉक्सवेन ट्रेव्हेल्यन रिचर्ड्स याने एका तरुणाला नौकेवर घेण्यास नकार दिला, कारण त्याचे वडील आधीच चमूत होते. एका घरातून एकच माणूस, असा त्याचा निर्णय. त्या रात्री नौकेवरील आठही जण गेले. तो तरुण वाचला आणि पुढे त्याच केंद्राचा कॉक्सवेन झाला. धैर्य आणि अविचार यांतील फरक या एका निर्णयात दिसतो.

बंधुता म्हणजे आधीपासूनची तयारी

या साऱ्या इतिहासातून कोणता निष्कर्ष निघतो? आपण बंधुता हा शब्द बहुधा भावनेच्या अर्थाने वापरतो. मिठी मारणे, एकत्र भोजन करणे, सणाला शुभेच्छा देणे, एवढ्यात ती संपते. लाँगहोपच्या इतिहासातील बंधुता मात्र संकट येण्यापूर्वीच तयार असते. नौका बांधलेली असते. इंधन भरलेले असते. सराव झालेला असतो. हाक आल्यावर कोण धावणार हे ठरलेले असते. खर्चासाठी अनोळखी लोकांनी आधीच पैसे दिलेले असतात; कित्येकांनी तर आपल्या मृत्युपत्रात संस्थेसाठी तरतूद केलेली असते. आज या संस्थेची २३८ केंद्रे आहेत आणि चमूत येणाऱ्या बहुसंख्य लोकांचा व्यवसाय समुद्राशी निगडित नसतो. शिक्षक, सुतार, दुकानदार, परिचारिका असे सामान्य लोक असतात. कामाच्या ठिकाणाहून त्यांना धावत जाऊ देणारा मालकही या व्यवस्थेचा भाग असतो. घरी जागत बसणारी माणसेही असतात. म्हणून असे म्हणावेसे वाटते की बंधुता ही केवळ भावना नाही. ती अनोळखी माणसासाठी आधीच करून ठेवलेली तयारी आहे.

तथागतांच्या धम्मात समुद्राची एक उपमा येते. अंगुत्तर निकायात समुद्राचे आठ गुण सांगितले आहेत. त्यांतील एक असा की गंगा, यमुना, अचिरवती, शरभू, मही या नद्या समुद्राला मिळाल्यावर आपले पूर्वीचे नाव सोडतात. त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले नाव व गोत्र सोडतात. ही उपमा आपण संघाच्या संदर्भात अनेकदा ऐकली आहे. लाँगहोपच्या नौकेने ती अक्षरशः खरी केली. समुद्रातील माणसाला ‘तू कोण?’ असे विचारले जात नाही; हात आधी दिला जातो, नाव नंतर विचारले जाते. आपल्या देशात जमिनीवर आणि गोड्या पाण्यावर याच्या नेमके उलट घडत आले. ओंजळभर पाणी देण्यापूर्वी जात विचारली गेली. म्हणूनच मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतील भेद स्पष्ट केला आहे. करुणा मनुष्यमात्रापुरती, तर मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत पोचणारी. मैत्रीला परतफेडीची अपेक्षा नसते आणि ओळखीची अट नसते. ‘आयरीन’वरील खलाशी लाँगहोपच्या लोकांचे ना नातलग होते ना देशबांधव. त्या आठांचे जाणे निष्फळ होते काय, हा मागे ठेवलेला प्रश्न येथे सुटतो. बुद्धांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले आहे. हाक आली तेव्हा ते सतरा जण किनाऱ्यावरून वाचवले जातील हे कोणालाही ठाऊक नव्हते. त्या क्षणी योग्य कृती एकच होती आणि ती त्यांनी केली. फळ हाती आले नाही म्हणून कृती खोटी ठरत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. अशा स्वयंसेवेच्या कथा सांगून शासनाला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करण्याचा प्रयत्न पुष्कळदा होतो. ते योग्य नाही. त्या देशात संकटाची वर्दी घेणे आणि बचावकार्याची जुळवाजुळव करणे हे शासकीय तटरक्षक सेवेचे काम आहे. ‘आयरीन’वरील लोकांनाही तटरक्षकांच्याच पथकाने वाचवले. शासन आणि समाज ही दोन वल्ही आहेत. एकच वल्हे मारले तर होडी जागच्या जागी गोल फिरते. दान हे हक्काला पर्याय नाही, तसाच कायदा हा मैत्रीला पर्याय नाही.

आपला किनारा

धैर्य ही कोणत्याही एका देशाची मिरास नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही बोट मुंबई बंदराबाहेर खवळलेल्या समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती आषाढातील अमावस्या होती आणि प्रवाशांत गावी निघालेले सामान्य लोक मोठ्या संख्येने होते. जे थोडे वाचले त्यांत कोळी बांधवांच्या होड्यांनी पाण्यातून काढलेले कित्येक होते. त्या कोळ्यांचे धैर्य लाँगहोपच्या खलाशांपेक्षा तिळमात्र कमी नव्हते. उणीव होती ती व्यवस्थेची. संकटाची वर्दी देणारे साधन नव्हते, वादळात जाऊ शकेल अशी सज्ज नौका नव्हती. भारतीय तटरक्षक दलाचा कायदा तर १९७८ साली झाला.

२०१८ च्या महापुरात केरळातील मच्छीमारांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून बुडालेल्या गावांत नेल्या आणि हजारो लोकांना बाहेर काढले. ज्या समाजांना एरवी खालचे मानले जाते, त्यांच्या होड्यांत त्या दिवशी सर्व जातिधर्मांचे लोक बसले. प्रश्न एवढाच उरतो की पाणी ओसरल्यावर ती बंधुताही ओसरते काय? ती ओसरू नये म्हणून संस्था लागते.

विद्यार्थ्यांसाठी

आपली निवासी शाळा हीसुद्धा अशीच एक संस्था आहे. येथे शिकणारी कित्येक मुले-मुली आपल्या घरातील शिकणारी पहिलीच पिढी आहेत. त्यांच्यासाठी कोणीतरी त्यांचा जन्म होण्यापूर्वी जमीन दिली, कोणी एक दिवसाची मजुरी दिली, कोणी धान्याचे पोते दिले. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नव्हता. ‘टी.जी.बी.’च्या अनामिक दात्याचेच हे भाऊबंद.

बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील भाषणात शिकलेल्या लोकांविषयी खंत व्यक्त केली होती. शिकून पुढे गेलेले लोक मागे राहिलेल्यांना विसरले, असा तिचा आशय होता. ज्यांना पाण्यातून वर काढले गेले, त्यांच्यापैकी काहींनी तरी पुढे वल्हे हाती घ्यावे, नाही तर नौकाघर ओस पडते. याचा अर्थ प्रत्येकाने प्राण पणाला लावावेत असा नाही. पोहायला शिकणे, प्रथमोपचार शिकणे, रक्तदान करणे, मागच्या इयत्तेतील मुलाला गणित समजावून देणे, पहिल्या पगारातून ठरावीक वाटा वसतिगृहाला पाठवणे ही सर्व वल्हीच आहेत. अट एकच : मदत कोणाला करतो आहोत हे विचारून मदतीचा निर्णय करू नये आणि मदतीची तयारी संकट येण्यापूर्वी करावी.

लाँगहोपमध्ये आठ जागा रिकाम्या झाल्या तेव्हा त्या भरण्यासाठी कोणी आदेश काढला नव्हता. शिपाई पाठवला गेला नव्हता. माणसे आपण होऊन आली. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली बंधुता ती हीच.

विचारासाठी प्रश्न

१. बंधुतेसाठी न्यायालयात दाद का मागता येत नाही? स्वातंत्र्य आणि समता यांच्याशी तुलना करून लिहा.

२. लाँगहोपच्या दुर्घटनेनंतर घडलेल्या तीन गोष्टी सांगून त्यांतील विवेकवादी दृष्टी स्पष्ट करा.

३. पेनलीच्या कॉक्सवेनने घेतलेला निर्णय योग्य होता काय? आपले मत कारणांसह मांडा.

४. आपल्या गावात पूर, आग किंवा सर्पदंश यांसारख्या संकटासाठी आधीपासून कोणती तयारी आहे? घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांशी बोलून माहिती लिहा आणि काय उणे आहे ते नोंदवा.